चालायला लागणारी मिनिटं

पत्राच्या शेवटी त्या बाईंनी लिहिलं होतं, “चूक माझीच असणार. फक्त कुठे झाली ते दाखवलंत तर बरं होईल.” ऑफिसात सकाळचे अकरा वाजले होते. समोरच्या टेबलावरच्या कारकून बाई अडकलेल्या स्टेपलरशी भांडत होत्या. हे वाक्य दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं, की आपले कान गरम झालेत. इतक्या नम्रपणे कुणी काही विचारलं, की मला हमखास धास्ती वाटते. पत्र लिहिणाऱ्या बाई कुठल्याशा दूरच्या देशात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना संख्याशास्त्र शिकवत होत्या. त्यासाठी दरवर्षी माझ्या पॅकेजमधलं उदाहरण वापरायच्या. पॅकेज म्हणजे काय हे माझ्या बायकोला मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि तिने ते तिच्या पद्धतीने लक्षात ठेवलंय: आकडेमोडीची एक भाषा आहे, ती कुणाच्या मालकीची नाही, कुणीही फुकट घ्यावी, आणि जगभरचे रिकामटेकडे लोक तिच्यात आपापल्या अवजारांच्या पेट्या आणून ठेवतात, तुझी पण एक पेटी आहे. तर माझी पेटी एकोणीस वर्षांची झाली होती. तिच्यात एक नमुन्याची माहिती होती, चारशे बारा रुग्णांची: दवाखाना घरापासून चालत किती मिनिटांवर, आणि दुखणं सुरू झाल्यापासून किती दिवसांनी माणूस दवाखान्यात आला. उदाहरणाचं उत्तर पुस्तिकेत छापलेलंच होतं, की अंतराचा आणि उशिराचा संबंध नाही. या वर्षी बाईंच्या कॉलेजात भाषेची नवी आवृत्ती बसवली, आणि तेच उदाहरण, त्याच आज्ञा, तीच माहिती वेगळंच बोलायला लागली. दर दहा मिनिटांच्या चालण्यामागे माणूस दोन दिवस उशिरा येतो. बाईंनी लिहिलं होतं, “मुली मला विचारतात, यातलं खरं कुठलं?”

पहिला विचार आला तो अर्थातच नव्या आवृत्तीला शिव्या देण्याचा. आमच्या जगात हे रिवाजाला धरूनच आहे. काही बिघडलं की खापर आधी नव्या आवृत्तीवर फोडायचं, मग वापरणाऱ्याच्या संगणकावर, मग जमलंच तर स्वतःवर. पण त्या आवृत्तीत काय बदललं ते मला पाठ होतं, कारण त्या बदलाच्या बाजूने मीच एका सभेत वीस मिनिटं तावातावाने बोललो होतो. जुनी भाषा आगाऊ होती. एखाद्या रकान्यात एक जरी शब्द सापडला, की ती अख्ख्या रकान्याला शब्दांचा समजायची, आणि तुम्हाला न विचारता त्या शब्दांना क्रमांक देऊन मोकळी व्हायची. नव्या भाषेने ही लुडबुड बंद केली. शब्द असेल तर शब्द राहील, आणि त्याला आकडा करा म्हणालात तर जिथे जमणार नाही तिथे रिकामी जागा सोडून ती तुम्हाला तसं बजावेल. त्या सभेत मी म्हणालो होतो की या एका सवयीमुळे जगात किती चुकीची उत्तरं छापली गेली असतील याचा हिशेब लागणार नाही. लोक हसले होते. मीही हसलो होतो. आता मी आपली माहिती उघडली आणि मिनिटांच्या रकान्यातून बोट फिरवत खाली उतरत गेलो. वीस, पाच, पंचेचाळीस, बारा, आठ. दोनशे सदतिसाव्या ओळीवर आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘जवळच’.

एवढंच. एका माणसाचं घर दवाखान्याला लागून होतं आणि कुणीतरी मिनिटांच्या जागी ‘जवळच’ लिहिलं. त्या एका शब्दामुळे जुन्या भाषेने उरलेल्या चारशे अकरा आकड्यांना शब्द मानलं, आणि शब्द लावतात तसे पहिल्या अक्षरावरून, म्हणजे इथे पहिल्या अंकावरून, लावले. म्हणजे दहा आधी, मग बारा, मग वीस, मग पंचेचाळीस, त्याच्याही नंतर पाच, आणि साठच्याही मागे आठ. मग त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. आज्ञा दिली तर भाषा म्हणाली, हा रकाना आकड्यांचा नाही. का नाही, हे बघायला रकान्यात उतरावं, तर तेवढा धीर माझ्याकडे कुठला? मी म्हणालो, नाही? मग कर. तिने केला. तिने मला मिनिटांऐवजी ते क्रमांक आणून दिले, आणि मी तेच मिनिटं समजून पुढे गेलो. पाच मिनिटांवरचा माणूस पंचेचाळीस मिनिटांवरच्या माणसाहून लांब जाऊन बसला. असे पत्त्यासारखे पिसलेले आकडे घेऊन मी विचारलं, अंतराचा संबंध आहे का? कसा असणार? आणि गंमत म्हणजे, गंमतच म्हणायची, याच चुकीवर मी गेली कित्येक वर्षं नवीन भरती झालेल्यांना एक पूर्ण तास शिकवतो. फळ्यावर दहा, बारा, वीस, पाच असं लिहून दाखवतो. “आधी रकाना डोळ्यांनी बघा,” असं बजावतो. तेव्हा स्वतःची पेटी मला एकदाही आठवली नाही. चूक ओळखायला शिकण्याच्या आधी आपण जे केलेलं असतं ते बहुधा आपण केलेलं धरतच नाही.

ते ‘जवळच’ कुणाचं ते मला ओळखायची गरज नव्हती. टंकलेखनात अक्षर दिसत नाही, तरी मला ते निळ्या शाईत दिसलं, ‘ळ’चं पोट जरा जास्तच फुगवलेलं. ताईचं अक्षर. चारशे बाराच्या चारशे बारा फॉर्म तिनेच भरले होते. ती टेकडीवरच्या लहान दवाखान्यात नर्स होती. फॉर्मवर मूळ प्रश्न ‘अंतर’ एवढाच होता. लोकांना अंतर काय कळणार, म्हणून तिने स्वतः मनगटातल्या घड्याळाकडे बघत प्रत्येक घरापासून दवाखान्यापर्यंत चालून मिनिटं लिहिली. अडीच महिने. संध्याकाळी घरी आली की टाचा गरम पाण्यात बुडवून बसायची आणि मी शेजारी बसून तिची थट्टा करायचो, “अगं, नकाशावर पट्टी ठेवली असती तरी चाललं असतं.” ती म्हणायची, “नकाशावर चढ दिसतो का रे तुझ्या?” ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती चौदा, आणि बाबा तेव्हापासून घरात असूनही नसल्यासारखे. माझी नखं तिने कापली, माझे पाढे तिने म्हणून घेतले. माझ्या शाळेत पालकांच्या सभेला जाताना आपण मोठं दिसावं म्हणून आईचा चष्मा लावून गेली, आणि त्या चष्म्यातून काही दिसेना म्हणून गणिताच्या सरांऐवजी शिपायाशीच दहा मिनिटं माझ्या प्रगतीबद्दल बोलली. या गोष्टीवर आम्ही अजूनही हसतो. आमच्यात हसायला अशा पुष्कळ गोष्टी आहेत. एकाच गोष्टीवर आम्ही हसत नाही.

शहराच्या आरोग्य खात्यात तेव्हा मी नवा होतो, आणि संगणक येणारा एकमेव, म्हणून जरा लाडका होतो. प्रश्न खात्याचा होता: तीन लहान दवाखाने बंद करून एक मोठा, सगळ्या सोयींचा उभारला तर लोक येतील का? मोठ्या साहेबांच्या खोलीत भिंतीवर मी आलेख दाखवला. ठिपक्यांचा ढग होता, त्याला ना चढ ना उतार. “अंतराचा परिणाम नाही,” मी म्हणालो, आणि मला आठवतं, हे म्हणताना मी पेन्सिलीने हवेत एक आडवी रेघ मारली. साहेबांनी मान डोलावली. पुढचं झपाट्याने झालं. त्या आठवड्यात घरी जेवताना ताईला मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, “असं कसं? लांब असलं की माणूस आज नको उद्या म्हणतोच. मी बघते ना रोज.” मी तिला समजावलं. चांगल्या मनाने समजावलं, हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हाचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो आणि त्यात दुष्टपणा नव्हता. असता तर आज सोपं गेलं असतं. मी म्हणालो, “ताई, तुझे पाय दुखतात म्हणून तुला तसं वाटतं. तू लक्षात ठेवतेस ते चार-दोन लोक. हे चारशे बारा आहेत.” तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “असेल बाबा. तू शिकलेला.” आणि मला वाढायला उठली.

“तू शिकलेला.” हे दोन शब्दांचं शेपूट मी एकोणीस वर्षं अंगाला लावून फिरलोय. मी ते टोमणा म्हणून ऐकलं. टेकडीवरचा दवाखाना बंद झाला, तिथे आता व्यायामशाळा आहे. ताईची बदली खालच्या मोठ्या दवाखान्यात झाली. तिथे ती गुडघ्यांपायी लवकर निवृत्ती घेईपर्यंत राहिली आणि मोठी परिचारिका होऊन बाहेर पडली. या सगळ्या काळात दवाखान्याबद्दल ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. पूर्वी घरात पाऊल टाकल्यापासून तिची टकळी सुरू असायची: कुणाला जुळं झालं, कुणी सुई बघून पळून गेलं, जिन्याखालच्या आजींनी आज काय बहाणा केला. या आजी एका इमारतीच्या जिन्याखाली केलेल्या खोलीत मुलगा-सुनेबरोबर राहायच्या, म्हणून जिन्याखालच्या. ताईची आणि त्यांची रोजची लुटुपुटीची भांडणं असत. ते सगळं बंद झालं. मी विचारलं तर म्हणायची, “चाललंय.” मी मनात ठरवून टाकलं, की ती माझ्यावर रागावली आहे, तिला आपलंच खरं वाटतं, आणि ते मी मानलं नाही म्हणून तिने मला दवाखान्याच्या गोष्टींबाहेर काढलंय. थोडं वाईट वाटायचं. बरंचसं, खरं सांगायचं तर, बरंही वाटायचं. बरोबर असलेल्या माणसाला सहन करावा लागतो असा हा रुसवा, अशी माझी समजूत होती, आणि या समजुतीत मी चांगला ऐसपैस राहत होतो. त्याच वर्षी मी पॅकेज लिहिलं, त्यात तिचे फॉर्म घातले, आणि ती टेकडी जगभर गेली. लोकांनी तिच्यावर सराव केला. कुठे कुठे, कुणी कुणी, “अंतराचा परिणाम नाही” असं वहीत उतरवून घेतलं. आता मला कळत होतं की ती बरोबर होती. रुसव्यालाही सबळ कारण होतं. मला तिच्या दारात जाऊन मान खाली घालायची होती. ही कल्पना क्लेशाची होती, तरी तिला एक आकार होता. मी तिला मनात हाताळून पाहू शकत होतो.

बायकोला मी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. “एक चूक सापडली,” मी म्हणालो.

“कुणाची?”

“माझी.”

“मग त्यात फोन करण्यासारखं काय आहे?” ती हसली. मी हसलो नाही हे तिला ऐकू आलं असावं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताईंना सांगणार आहेस ना?”

“आधी दुरुस्ती करतो. मग.”

“म्हणजे आधी झाकणार आणि मग सांगणार.”

तिचं असंच असतं. पण झाकणं आमच्या धंद्यात तितकं सोपं नाही. सगळं उघड्यावर असतं. कुठली ओळ कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली, हे कुणीही, कुठेही बसून बघू शकतं. ‘नाही? मग कर’ ही ओळ माझ्या नावावर होती, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी लिहिलेली. तरी पळवाटा असतातच. प्रत्येक पेटीबरोबर ‘बातम्या’ नावाची एक फाइल जाते. नव्या आवृत्तीत काय बदललं ते तिच्यात एकेका ओळीत लिहायचं, आणि चूक ज्याने दाखवली त्याचे आभार मानायचे, अशी पद्धत. ही फाइल फारसं कुणी वाचत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं: ‘उदाहरणात किरकोळ दुरुस्ती.’ किरकोळ हा मोठा उपयोगी शब्द आहे. मी तो खोडला. मग वाटलं, उदाहरणच काढून टाकावं. टेकडी काढायची आणि पुष्कळ जण ठेवतात तशी फुलांच्या पाकळ्यांची मापं ठेवायची. पाकळ्यांना काही झाल्याचं ऐकिवात नाही. मग एक तिसरी युक्ती सुचली, आणि ती सुचली याची मला आजही लाज वाटते. ‘माहिती भरताना एका ठिकाणी आकड्याऐवजी शब्द लिहिला गेल्यामुळे झालेली चूक.’ वाक्य खरं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आणि ते अख्खं वाक्य ताईकडे बोट दाखवत होतं. मी खिडकी उघडून उभा राहिलो. खाली बस थांब्यावर माणसं उभी होती, रोज असतात तशी, आणि मी विचार करत होतो की हे सगळे कुठून किती मिनिटं चालत आले असतील.

पेट्या सांभाळणाऱ्या लोकांकडून यंत्राने आपोआप धाडलेलं पत्रही संध्याकाळी येऊन ठेपलं. नव्या आवृत्तीत तुमचं उदाहरण अपेक्षित उत्तर देत नाही, चौदा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर पेटी काढली जाईल. तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर सदतीस पेट्यांनाही कळवलं आहे. शुक्रवारपर्यंत मी दुरुस्ती केली. मग सावकाश, शब्द मोजून, बातमी लिहिली. उदाहरणाचं आधीचं उत्तर चुकीचं होतं. चूक लेखकाची होती. त्याने रकाना न बघता बदलला. अंतराचा परिणाम होतो: दहा मिनिटांमागे दोन दिवस. पत्र लिहिणाऱ्या बाईंचे आभार. आणि शेवटी: ‘ही चूक सर्वप्रथम, एकोणीस वर्षांपूर्वी, माहिती गोळा करणाऱ्या परिचारिकेने लेखकाच्या नजरेस आणून दिली होती, लेखकाने ऐकलं नाही.’ त्यापुढे तिचं पूर्ण नाव. वाचून मला रडू येईलसं झालं, आणि त्या रडण्यात थोडा स्वतःबद्दलचा कौतुकाचा भाग होता हेही मला कळलं. पाठवायच्या आधी तिला दाखवावं, असं ठरवून शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो.

ताई तळमजल्यावर राहते, गुडघ्यांमुळे. दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसून जुन्या चादरीच्या काठाला टीप मारत होती. “आज काय, रस्ता चुकलास?” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठायला लागली. मी तिला बसवलं, चहा मीच केला, तिने खुर्चीतूनच साखर कुठे आहे, गाळणं कुठे आहे, मी गाळणं कसं चुकीचं धरलंय हे सांगितलं. मग मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, “ताई, तुझ्या टेकडीवरच्या फॉर्मचं. माझं चुकलं होतं. अंतराचा फरक पडतो. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं.”

तिने सुई चादरीत खोचून ठेवली. मला वाटलं, आता ती म्हणेल, कळलं का एकदाचं. मी त्या वाक्यासाठी मान तयार ठेवली होती. ती म्हणाली, “कशावरून?”

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिला सगळं दाखवलं. पिसलेले आकडे दाखवले, सरळ केलेले आकडे दाखवले. नवा आलेख दाखवला, तेच ठिपके, पण आता चढावर निघालेले. ‘जवळच’ दाखवायचं मी टाळत होतो, पण तिनेच स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे मी लिहिलं होतं. यामुळे झालं?”

“नाही. मी बघितलं नाही म्हणून झालं.”

तिने आलेखाच्या चढावरून बोट वर नेलं. मग जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, “म्हणजे मला दिसत होतं ते खरंच होतं.”

“तुला माहीतच होतं ना. म्हणून तर इतकी वर्षं तू माझ्यावर—”

“मला कुठे माहीत होतं?” ती एकदम मोठ्याने म्हणाली. “तू सांगितलंस ना, की मला तसं वाटतं म्हणून. चारशे बारा लोक सांगतायत म्हणालास. मी म्हटलं, असेल. माझा भाऊ एवढा शिकलाय, तो खोटं कशाला सांगेल. आपलेच डोळे दुखऱ्या पायांनी बघतात, असं म्हटलं, आणि सोडून दिलं.”

“मग तू बोलायची का बंद झालीस?”

“काय बोलणार? मला जे दिसायचं ते खरं नाही हे तूच शिकवलंस. रोज दिसायचंच. बोलले असते तर तू परत समजावलं असतंस.” ती चष्मा काढून पदराने पुसत राहिली, पुसून झाला तरी. “आणि नुसतं गप्प बसले असते तर बरं झालं असतं रे. मी लोकांना तेच सांगत राहिले. खालच्या दवाखान्यात टेकडीवरचं कुणी उशिरा आलं की मी रागवायची. इतके दिवस काय करत होतात? लांब पडतं म्हणायचे. मी म्हणायची, लांब-बिंब काही नाही, अंतराने काही फरक पडत नाही, अभ्यास झालाय त्याच्यावर, माझ्या भावानेच केलाय. तुम्हाला आळस आहे.”

चहावर साय धरली होती.

“जिन्याखालच्या आजींना मी आळशी म्हणाले,” ताई म्हणाली. “सगळ्यांसमोर, रांगेत. पायाला जखम झाली होती, साखर होती त्यांना, आणि आल्या कधी, तर पाय काळा पडल्यावर. म्हणाल्या, पोरी, चढ उतरवत नाही. मी म्हणाले, जीभ बरी उतरते तुमची चढावरून. सगळे हसले. त्याही हसल्या.” तिने चादरीचा काठ सरळ केला. “टेकडीवरचा जुना दवाखाना त्यांना दहा मिनिटांवर होता. मी चालले होते. नवा किती पडायचा? पंचावन्न. मांड बघू.”

“ताई, हे असं एकेका माणसाला लावून नाही चालत. सरासरी असते ती—”

“मांड.”

पंचेचाळीस मिनिटं जास्त. मांडायला लॅपटॉप लागत नव्हता. “नऊ दिवस,” मी म्हणालो.

“नऊ दिवस आधी आल्या असत्या तर पाय वाचला असता,” ती म्हणाली. रडली नाही. आयुष्यभर जखमा बघितलेल्या बाईने एक मोजमाप सांगावं तसं सांगितलं. “पाय कापला, आणि मग त्या पुढच्या हिवाळ्यातच गेल्या.”

एकोणीस वर्षं मी तिचा राग गृहीत धरून बसलो होतो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या एकाही आडाख्यात नव्हतं. तिच्या रुसव्याला मी तोंड देऊ शकलो असतो. पण तिने माझी पेन्सिलीची आडवी रेघ उचलून रोज सकाळी कामावर नेली, लोकांसमोर धरली, माझा अभिमान वाटून धरली. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि ते सोंग वाटेल म्हणून मी धरले नाहीत. मी तिला बातमी दाखवली. दुसरं काही हातात नव्हतं. तिने ती ओठ हलवत वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, स्वतःच्या नावापर्यंत.

“हे काढ,” ती म्हणाली.

“का? तूच तर सांगितलं होतंस.”

“एकदा जेवताना बोलले आणि गप्प बसले. त्याला सांगणं म्हणत नाहीत.”

“ताई, चूक माझी आहे. तुझं नाव चांगल्यासाठी—”

“चांगल्यासाठीच काढ म्हणते. ज्या बाईंनी पत्र लिहिलं त्यांचं ठेव. त्यांना उत्तर जुळलं नाही तर त्यांनी विचारलं.” मग मी हलत नाही असं बघून तिनेच पुढे वाकून विचारलं, “कुठलं बटन?” मी दाखवलं. एकेक अक्षर मागे जात तिने आपलं नाव खोडलं, मग ते अख्खं वाक्य. वेळ लागला. खोडून झाल्यावर म्हणाली, “आता पाठव.” मी पाठवलं. सदतीस पेट्यांना, त्या दूरच्या बाईंना, त्यांच्या मुलींना.

ताई उठली, भिंतीला धरून चपला शोधायला लागली. “कुठे?” मी विचारलं.

“आजींची सून अजून टेकडीवर तिथेच राहते. तिच्यादेखत बोलले होते मी ते.”

“थांब, गाडी बोलावतो. नाहीतर बस आहे कोपऱ्यावरून.”

“नको,” ती म्हणाली. “चालत जायचं.”

मी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं. मोठ्या दवाखान्यापर्यंत रस्ता सपाट होता. ती हळू पण न थांबता चालली. तिथून डावीकडे टेकडी सुरू होते. त्या चढावर मी गाडीतून शंभरदा गेलो असेन. पहिल्या वळणावर माझा श्वास लागला. दुसऱ्या वळणावर ताईने माझ्या खांद्यावर हात टेकला आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिच्या ओठांवर घाम आला होता. मी शेजारी बसलो. वरून एक म्हातारा काठी टेकत, एकेक पाऊल तिरकं टाकत उतरत होता. तो आमच्यासमोरून जायलाच बराच वेळ लागला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

“अजून किती राहिलं?” मी विचारलं.

“पुष्कळ,” ताई म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला.